देवाशी घासाघीस

पंढरीच्या विठोबाने आपल्या भक्तांकडून जितकी बोलणी खाल्ली आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या देवाने खाल्ली असतील. जनाबाई त्याला शिव्या देते, नामदेव त्याच्यावर रुसून बसतो, आणि तुकोबा तर त्याच्या देवपणाचाच हिशेब मागतात. हे अभंग वर्गात शिकवू लागलो की मुले आधी हसतात आणि मग त्यांतला एखादा हटकून विचारतो, "सर, इतर धर्मांत देवाशी असे बोललेले चालते का?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर देताना माझा तास नेहमी संपून जातो. म्हणून यंदा दिवाळीच्या निमित्ताने या सदरातच ते ऐसपैस मांडावे म्हणतो. उत्तरासाठी मी घेतो ते दोन धर्म, यहुद्यांचा आणि मुसलमानांचा. हे दोन निवडण्याचे कारण असे, की त्यांच्याविषयी आपण जे बोलतो ते बहुधा वर्तमानपत्रावरून बोलतो. म्हणजे जमिनीचे भांडण आपल्याला ठाऊक असते, देवाविषयीचे नसते. आणि देवाविषयीचे भांडण कितीतरी अधिक रंगतदार आहे.

प्रथम, भांडण कुठे नाही ते पाहू. देव एक आहे, त्याला रूप नाही, त्याची मूर्ती करायची नाही, याविषयी दोघांत तिळमात्र मतभेद नाही. यहुदी सकाळ-संध्याकाळ 'शेमा' म्हणतो, मुसलमान कलमा म्हणतो. दोन्हींचा गाभा हाच. बाराव्या शतकात मैमोनिडीस नावाचा एक थोर यहुदी पंडित होऊन गेला. जन्म स्पेनमधल्या कोर्दोव्याचा, मृत्यू १२०४ साली इजिप्तमध्ये. अल्मोहाद नावाच्या कडव्या मुसलमानी राजवटीने यहुद्यांवर धर्मांतराची सक्ती केली, तिच्यापायी या माणसाला मायदेश सोडावा लागला होता. पुढे एका नवयहुद्याने त्याला पत्र लिहिले : मुसलमान हे मूर्तिपूजक नव्हेत असे मी म्हणालो, तर माझ्या गुरूने मला मूर्ख ठरवले, आपले मत काय? मैमोनिडीसने उत्तर दिले की मुसलमान मूर्तिपूजक मुळीच नव्हेत, त्यांचा एकेश्वरवाद निर्भेळ आहे, आणि तुझ्या गुरूनेच तुझी क्षमा मागायला हवी. ज्यांच्या छळाने घरदार सुटले, त्यांच्या श्रद्धेविषयी इतके नितळ लिहिता येणे ही साधी गोष्ट नव्हे. हाच गृहस्थ येमेनमधल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रात इस्लामच्या पैगंबरीच्या दाव्याचा मात्र कडक शब्दांत इन्कार करतो. आणि यहुदी धर्माची जी तेरा तत्त्वे त्याने घालून दिली, त्यांत मोशेच्या तोडीचा प्रेषित नाही आणि तोरा कधी बदलायची नाही, ही दोन आहेतच. ती कोणाला उद्देशून होती, हे सांगायला नकोच.

मग वेगळेपण कुठे सुरू होते? माझ्या मते ते देवासमोर उभे राहण्याच्या रीतीत आहे.

अब्राहाम हा दोघांचाही मूळ पुरुष. मुसलमान त्याला इब्राहीम म्हणतात. सदोम हे पापी शहर नष्ट करायचा देवाचा बेत त्याला कळतो. तोरातला अब्राहाम काय करतो? तो देवाला अडवतो. त्या गावात पन्नास सज्जन असले तर, असे तो विचारतो. देव म्हणतो, पन्नास असले तर गाव सोडून देईन. लगेच अब्राहाम पंचेचाळीसवर येतो. मग चाळीस, तीस, वीस, आणि शेवटी दहा. मंडईत भाजीवालीशी हुज्जत घालणाऱ्या आपल्या एखाद्या काकूंनी हेवा करावा अशी ही घासाघीस आहे. बरे, नुसती घासाघीस नव्हे. साऱ्या जगाचा न्यायाधीश स्वतःच अन्याय कसा करील, असा टोलाही तो देवाला लगावतो. देव रागावत नाही, दर पायरीला कबूल होत जातो. दहावर अब्राहाम आपण होऊन थांबतो. गावात दहाही निघत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

हाच प्रसंग कुराणात अकराव्या सूरेत येतो. इथेही इब्राहीम लूतच्या लोकांसाठी वाद घालू लागतो. त्याबद्दल त्याला दोष दिलेला नाही. उलट तो सहनशील आहे, कोमल हृदयाचा आहे, अशी त्याची वाखाणणी केली आहे. पण आकड्यांची ती उतरती शिडी इथे नाही. हा विषय सोडून दे, तुझ्या पालनकर्त्याची आज्ञा होऊन चुकली आहे, असे त्याला सांगण्यात येते, आणि तो प्रसंग तिथे संपतो. 'इस्लाम' या शब्दाचा अर्थच स्वतःला स्वाधीन करणे. उलट 'इस्रायल' या शब्दाचा उगम तोरा कसा सांगते? याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी कुस्ती खेळतो, पहाटे मांडी लचकलेली असतानाही त्याला सोडत नाही, आणि मग त्याला हे नाव मिळते : देवाशी झुंजणारा. मी भाषेचा मास्तर. मला वाटते दोन धर्मांतला फरक असा त्यांच्या नावांतच सापडला, यापरता पुरावा काय हवा!

पण थांबा. हा फरक इतका सरळ असता तर मी लेख इथेच संपवला असता. मुसलमानांच्या परंपरेतही एक घासाघीस आहे आणि ती फार गोड आहे. पैगंबर मिराजच्या रात्री स्वर्गारोहण करतात, तेव्हा अल्ला त्यांच्या अनुयायांवर दिवसाला पन्नास नमाज फर्मावतो. पैगंबर आज्ञा शिरसावंद्य मानून परत फिरतात. वाटेत भेटतात मूसा, म्हणजे यहुद्यांचा मोशे. ते म्हणतात, तुमच्या लोकांना हे झेपायचे नाही, परत जा आणि कमी करून आणा. बनी इस्रायलचा मला चांगला अनुभव आहे. पैगंबर जातात, थोड्या कमी होतात. मूसा पुन्हा परत पाठवतात. असे करत करत पाचवर येतात. मूसांचे समाधान तरीही होत नाही! तेव्हा पैगंबर म्हणतात, आता पुन्हा मागायची मला लाज वाटते. अल्ला पाच नमाजांना पन्नासांचे पुण्य देतो. हदीसमधल्या या कथेत घासाघीस करायला शिकवणारा यहुदी आणि संकोचाने थांबणारे पैगंबर, अशी वाटणी कोणी मुद्दाम केली असेल असे मी म्हणत नाही. पण इतकी नेमकी वाटणी एखाद्या नाटककारालाही साधली नसती. दोन्ही सौदे पन्नासवर सुरू झाले, हीदेखील मौजच.

यहुदी पंडितांनी पुढे या वृत्तीला कळस चढवला. तालमूद या ग्रंथात एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरचा वाद आहे. राबी एलिएझर एकीकडे, बाकी सारे दुसरीकडे. एलिएझर म्हणतो, माझे खरे असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड मुळासकट उपटून दूर जाऊन पडते. पंडित म्हणतात, झाडाची साक्ष चालत नाही. मग पाटाचे पाणी उलटे वाहते, पाठशाळेच्या भिंती कलतात. यांच्यावर परिणाम शून्य. अखेर साक्षात आकाशवाणी होते की एलिएझरचेच बरोबर. त्यावर राबी यहोशुआ उठून सांगतो, की धर्मशास्त्र आता आकाशात राहिलेले नाही. ते सिनायवर आम्हाला दिलेले आहे आणि निर्णय बहुमताने होईल. पुढे एका राबीला एलिया प्रेषित भेटतो. त्या वेळी देव काय करत होता, असे तो त्याला विचारतो. एलिया सांगतो, देव हसत होता, आणि माझ्या मुलांनी मला हरवले म्हणत होता.

इस्लामी शास्त्रकारही वादविवादात कोणाला हार जाणारे नव्हते. शरियतच्या अर्थाविषयी प्रामाणिकपणे बुद्धी चालवणाऱ्या न्यायाधीशाचा निर्णय चुकला तरी त्याला एक पुण्य, बरोबर आला तर दोन, असे हदीस सांगते. पण आकाशवाणी ऐकूनही तिला बहुमताने बाजूला सारणे हे त्या चौकटीत बसणारे नाही.

आता प्रेषितांची गोष्ट. दावीद राजाने परस्त्रीचा अभिलाष धरला आणि तिच्या नवऱ्याला रणात मरायला पाठवले, हे यहुद्यांचे धर्मग्रंथ न लपवता सांगतात. सोन्याचे वासरू अहरोनाने घडवले हेही सांगतात. कुराणात ते वासरू सामिरी नावाच्या माणसाच्या माथी आहे. हारूनने लोकांना आवरायचाच प्रयत्न केला होता. सुलेमानने कुफ्र केले नाही, असेही कुराण स्पष्ट बजावते. प्रेषित हा निर्मळच असला पाहिजे, नाहीतर त्याच्या मुखातून आलेल्या वचनावर भरवसा कसा ठेवायचा, हा मुसलमान पंडितांचा युक्तिवाद बिनतोड आहे. त्यावरून ते म्हणतात, तोरामध्ये मागाहून फेरफार झाले. यहुदी म्हणतात, आमच्या पूर्वजांचे पाय मातीचे होते आणि तरीही देवाने करार आमच्याशीच केला. मला साहित्याचा शिक्षक म्हणून दावीदची गोष्ट अधिक भावते, हे कबूल करतो. पण धर्म हा काही साहित्यिकांच्या सोयीसाठी नसतो.

पुत्राच्या बळीची कथा सर्वांत अवघड. सदोमच्या परक्या लोकांसाठी इतका भांडलेला अब्राहाम स्वतःच्या इसहाकासाठी एक अक्षर बोलत नाही! टीकाकारांना हे मौन सहन झाले नाही. अकराव्या शतकातला फ्रान्सचा राशी जुन्या परंपरेच्या आधारे तिथे एक संवाद घालतो. देव म्हणतो, तुझा मुलगा घे. अब्राहाम म्हणतो, मला दोन आहेत. देव म्हणतो, एकुलता एक. अब्राहाम म्हणतो, दोघेही आपापल्या आईचे एकुलतेच. देव म्हणतो, ज्याच्यावर तुझी माया आहे तो. अब्राहाम म्हणतो, दोघांवरही आहे. तेव्हा कुठे इसहाकाचे नाव उच्चारले जाते. त्या दुसऱ्या मुलाचे नाव इश्माएल. कुराणात मुलाचे नावच नाही. तबरीसारखा जुना भाष्यकार तो इसहाकच मानतो, नंतरच्या मुसलमानांनी बहुमताने तो इस्माईल ठरवला. कुराणातल्या कथेचे मर्म मात्र नावात नाही. तिथे बाप मुलाला स्वप्न सांगून त्याचे मत विचारतो आणि मुलगा आपण होऊन मान पुढे करतो. स्वाधीन होणे म्हणजे काय, ते इथे कळते. त्यात लाचारी औषधालाही नाही.

शेवटचा फरक माणसे कोणाला आपले म्हणतात याचा. मुसलमान व्हायला कलमा मनापासून म्हणणे पुरते. यहुद्यांचा करार एका वंशाशी आहे. बाहेरच्याने धर्म स्वीकारला तर त्याला घेतात, पण कोणाला बोलावायला जात नाहीत, आणि जन्माने यहुदी कोण हे आईवरून ठरते. हा पुस्तकी भेद नाही. आपल्या कोकणातल्या लोकांना त्याची झळ लागली आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपण ज्यांना शनिवार तेली म्हणत आलो, ते अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल. शतकानुशतके ते बाकीच्या यहुदी जगापासून तुटले होते, मराठीच बोलत होते. शेमा मात्र विसरले नव्हते. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळजण इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाने १९६२ च्या सुमारास यांच्या लग्नांपूर्वी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला. पिढ्यान्पिढ्या कोळंबी-खेकड्याला हात न लावलेल्या माणसांना तुम्ही खरे यहुदी कशावरून, असे विचारण्यात आले! ही मंडळी गप्प बसली नाहीत. सभा घेतल्या, निदर्शने केली, संसदेपर्यंत वाद नेला. १९६४ साली बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे सरकारला जाहीर करावे लागले आणि धर्मपीठाला त्या आदेशाचे शब्द बदलावे लागले.

आता कोकणात त्यांची थोडीच घरे उरली आहेत. पण अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. परदेशी गेलेली माणसेही सुट्टीत आली की तिथे जातात, पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू हन्नाबीच्या नावाने ठेवतात. शेजारच्या मुसलमानांच्या दर्ग्यावरही मलिदाच असतो, फक्त तो गव्हाचा. आणि इलियास हे नाव त्यांच्याही प्रेषितांच्या यादीत आहे. देव हसत होता, ही बातमी आणणारा एलिया तो हाच.