भेटीला जाणे म्हणजे धर्मांतर नव्हे

बस्तरमधील छळग्रस्त ख्रिस्ती कुटुंबांच्या भेटीला नागपूर-मुंबईकडून जाणाऱ्या पथकांबद्दल या सदरात आठवडाभर जी पत्रे आली, त्यांचा सूर एकच आहे. अशांत भागात बाहेरच्यांचे काम काय? तिथे जाणाऱ्यांचा हेतू धर्मांतराशिवाय दुसरा असणारच नाही. या पत्रलेखकांपैकी एकालाही ते २० दिवस आठवलेले दिसत नाहीत. बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावी (हा मध्य प्रदेशातला छिंदवाडा नव्हे) राहणाऱ्या एका पाद्र्याचे ७ जानेवारी २०२५ रोजी निधन झाले. गावकऱ्यांनी दफन अडवले. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत पार्थिव जगदलपूरच्या शवागारात पडून होते. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचे मत असे की कुटुंबाला स्वतःच्या शेतात दफन करू द्यावे, न्या. सतीशचंद्र शर्मा यांना ते मान्य नव्हते. प्रकरण आणखी लांबू नये म्हणून अखेर २०-२५ किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत मूठमाती देण्याचा आदेश झाला. बापाला ज्या गावच्या मातीत पुरले, त्याच गावात मुलाला जागा नाही, आणि हे ठरायला २० दिवस लागले.

छळाचा क्रम ठरलेला असतो. आधी गावाची बैठक, मग ‘मूळ धर्मात परत या, नाहीतर गाव सोडा’ हा निर्वाणीचा इशारा, त्यानंतर हुक्कापाणी बंद. विहिरीवर पाणी नाही, दुकानात मीठ नाही, शेतावर मजूर नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नारायणपूर आणि कोंडागाव जिल्ह्यांतील सुमारे हजार माणसांना ऐन धानाच्या मळणीत घर सोडावे लागले. त्यातल्या बऱ्याच जणांनी ती थंडी नारायणपूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये काढली. २ जानेवारी २०२३ रोजी त्याच नारायणपूरमध्ये जमावाने शाळेच्या आवारातले चर्च फोडले, आणि समजूत घालायला गेलेल्या पोलीस अधीक्षकांचेच डोके फुटले. अबुजमाडचा मोठा भाग त्याच जिल्ह्यात येतो. तिथे नक्षलवादी आणि सुरक्षा दले यांच्यामध्ये गावे वर्षानुवर्षे भरडली गेली. अशा ठिकाणी कुणी हौसेने जात नाही.

जाणारे काय करतात, हेही पाहायला हवे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझमचे इरफान इंजिनियर यांच्या नेतृत्वाखाली एक सत्यशोधन पथक नारायणपूर-कोंडागावला गेले होते. पथकाचा प्रमुख ख्रिस्ती नव्हता, सोबत वकीलही होते. असे पथक गावोगाव बसून कुणाचे घर फोडले, कुणाला मारले, पोलिसांनी तक्रार घेतली की परत पाठवले, याची नोंद करते. चर्चची माणसे गेली तर गाडीत तांदळाची पोती, ब्लँकेट आणि औषधे असतात. बाधितांकडून वकीलपत्रावर सह्या घेतल्या जातात, इस्पितळाचे कागद गोळा होतात आणि निघताना एकत्र बसून प्रार्थना होते. ज्याच्या घरी ही प्रार्थना होते, तो आधीपासून ख्रिस्ती असतो. छिंदवाड्याचे कुटुंब तर तिसऱ्या पिढीचे. आधीच ख्रिस्ती असलेल्या माणसाचे धर्मांतर करून त्याला आणखी काय करणार, हे आरोप करणाऱ्यांनी एकदा सांगावे.

कायदाही हा फरक ओळखतो. मध्य प्रदेशचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा राज्य वेगळे झाल्यावर छत्तीसगडकडे आला. त्याने शिक्षा ठेवली ती बळजबरीने, फसवणुकीने किंवा आमिषाने केलेल्या धर्मांतराला. भेटीला, मदतीला किंवा प्रार्थनेला नाही. धर्मांतराचे विरोधक ज्या निकालाचा सतत हवाला देतात, तो १९७७ चा स्टॅनिस्लॉस खटल्याचा निकाल म्हणतो की, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्याच धर्माच्या दुःखी माणसाला भेटू नये, असे त्यात कुठेही नाही. आदिवासींच्या हितासाठी संचारावर वाजवी बंधने घालण्याची मुभा राज्यघटनेच्या कलम १९(५) मध्ये आहे, हे खरे. पण तशी बंधने कायद्याने घालायची असतात, रंगवलेल्या पाटीने नव्हे.

आणि पाट्या मात्र लागल्या. कांकेर जिल्ह्यातल्या आठ गावांच्या वेशीवर लागलेल्या फलकांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला होता. पाचवी अनुसूची आणि १९९६ च्या पेसा कायद्याचा दाखला देऊन पास्टर, पादरी आणि धर्मांतरित व्यक्तींना धार्मिक कार्यक्रमासाठी गावात प्रवेश नाही, असे हे फलक सांगतात. पेसाचे कलम ४(ड) ग्रामसभेला रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार देते. त्यात प्रवेशबंदी नाही. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी याचिका निकाली काढताना सांगितले की, बळजबरी किंवा आमिषाने होणारे धर्मांतर रोखण्यासाठी लावलेले फलक घटनाबाह्य म्हणता येणार नाहीत. पण फलकावर बळजबरी करणाऱ्याला बंदी नाही. बंदी पास्टरला आहे. माणूस गावात शिरण्याआधीच त्याचा हेतू ठरवून टाकला जातो.

पुढे पुढे प्रवास हाच गुन्हा होतो. नागपूरहून रायपूरला जाणारी गाडी दुर्गवरून जाते. त्याच दुर्ग स्थानकावर २५ जुलै २०२५ रोजी केरळच्या दोन नन्सना अटक झाली. नारायणपूरकडच्या तीन मुलींना नोकरीसाठी आग्र्याला नेत असल्याने त्यांच्यावर मानवी तस्करी आणि धर्मांतराचा आरोप ठेवला गेला. जामीन २ ऑगस्टला मिळाला. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस हे लोण महाराष्ट्रातल्या वरूड तालुक्यापर्यंत पोहोचले. तिथे नाताळच्या प्रार्थनेला जमलेल्या मंडळींना पोलिसांनी ताब्यात घेतले, त्यात नागपूर परिसरात काम करणारा केरळी पादरीही होता. ‘बस्तरचे प्रकरण बस्तरचे’ म्हणणाऱ्यांनी नकाशा पाहावा. नागपूरच्या बेसा, घोगली, पिपळा भागात उभ्या राहणाऱ्या इमारतींवर विटा वाहणारे हात छत्तीसगडचेही आहेत.

नागपूरने तर या विषयात शहाजोगपणा करूच नये. धर्मांतरविरोधी कायद्यांच्या मुळाशी असलेली नियोगी समिती १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नेमली, तेव्हा राजधानी नागपूर होती. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. समितीने ७७ केंद्रांना भेटी देऊन ११,३६० लोकांशी संपर्क साधला. म्हणजे समितीही बाहेरून गेली आणि लोकांत बसली; तिच्या प्रवासावर कुणी पाटी लावली नाही. अहवाल १९५६ मध्ये निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यांत खुद्द नियोगी होते. अहवालाची पाने उद्धृत करणारे ही गोष्ट सोयीस्करपणे गाळतात. धर्म बदलण्याचा विवेक निवृत्त न्यायाधीशाला असतो आणि बस्तरच्या माडिया किंवा गोंड माणसाला नसतो, हा समज उघड तुच्छतेचा आहे.

१८ डिसेंबर २०२५ या एका तारखेकडे पाहावे. त्या दिवशी बांगलादेशात मैमनसिंग जिल्ह्यात जमावाने एका हिंदू कामगाराची हत्या केली. देशभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. त्याच दिवशी कांकेरच्या आमाबेडा भागात सरपंचाच्या वडिलांचे पुरलेले प्रेत उकरून काढले गेले आणि प्रार्थनाघरे जळाली. सीमेपलीकडच्या अल्पसंख्याकांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांना एका रात्रीच्या प्रवासावरचे अल्पसंख्याक दिसत नाहीत. तिकडे मदत घेऊन जाणारा सेवाभावी ठरतो, इकडे जाणारा कारस्थानी.

दोष सगळा एका बाजूचा मात्र नाही. भेटीला जाणाऱ्या काही मंडळींना मोबाइल खिशात ठेवता येत नाही. ब्लँकेट घेणाऱ्या बाईचा चेहरा, गावाचे नाव, घराची ओळख, सगळे संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि देणगीदारांना पोहोचते. गाडी रायपूरला लागते. ती बाई मात्र त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत राहते. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी कोण येते, हे विचारायला फोटो काढणारा नसतो. अशा फोटोंवर चर्चच्या वरिष्ठांनी सक्त बंदी घातली पाहिजे, आणि मदतीचा हिशेब पावत्यांवर दाखवावा, माणसांच्या चेहऱ्यांवर नव्हे.

प्रशासनाकडून अपेक्षा मोठ्या नाहीत. पथक येणार असल्याची आगाऊ नोंद ठाण्यात घ्यावी, सोबत हवालदार द्यावा, बळजबरीची तक्रार आली तर पुरावा तपासूनच गुन्हा नोंदवावा. फलकांवर ‘पास्टर’ऐवजी बळजबरी, फसवणूक आणि आमिष हे कायद्यातले शब्द लिहायला लावावेत. सर्वांत निकडीची गोष्ट दफनभूमीची आहे. न्या. नागरत्ना यांनी आपल्या निकालपत्रात राज्यभर ख्रिस्ती दफनभूमी दोन महिन्यांत निश्चित कराव्यात, असे म्हटले होते. ते दोन्ही न्यायमूर्तींचे एकमताचे निर्देश नव्हते, म्हणून सरकार निवांत राहिले आणि अकरा महिन्यांच्या आत आमाबेडा घडले. बाहेरच्यांची ये-जा ज्यांना खुपते, त्यांनी आधी ती जमीन मोजून द्यायला लावावी. निम्मी पथके आपोआप थांबतील.

– एक वाचक, बेसा, नागपूर