सॅकसाठी मशीन कोणते?

नळदुर्गचा पाणीमहाल पाहायला निघताना वर्गातील बहुतेकांनी नव्या सॅक विकत घेतल्या. मी म्हणते, सॅक घरी शिवावी. मग प्रश्न उरतो मशीनचा.

दुकानदार पुढे करतो ते विजेवरचे, तऱ्हेतऱ्हेचे टाके घालणारे. सॅकला लागतो एकच, सरळ टाका! पट्टा जोडतो तिथे कॅनव्हासचे चार-चार पदर येतात आणि हलके मशीन अडते. आईचे काळे, लोखंडी, पायाने चालणारे मशीन मात्र अठरा नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि लांब टाका एवढ्यावर ते पदर पार करते. अडलेच तर चाक हाताने फिरवावे. शिवाय आमच्या गावात वीज जाते, तेव्हा पाय असतातच.

२०२३ पासून पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. तेव्हा जुने मोडीत घालून विजेवरचे घ्यावे, असे घरात चालले आहे. माझा विरोध आहे. माझी फी याच मशीनवर भरली गेली, ही भावनेची गोष्ट झाली. ती बाजूला ठेवू. नवे जरूर घ्यावे, पण दुकानात कॅनव्हासचा तुकडा न्यावा, चौपदरी करून सुईखाली सरकवावा आणि मगच पैसे मोजावेत. आईच्या मशीनने ही परीक्षा कधीच दिली आहे.