जिल्ह्याला लेकीचं नाव, आणि लेकीचं नाव नकुशी

आपल्या जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. २०२३ ला चौंडीत घोषणा झाली, २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, आता पाट्याही बदलल्या. चौंडी आपल्याच जिल्ह्यातली, जामखेड तालुक्यातली. ३१ मे १७२५ ला तिथे जन्मलेल्या एका लेकीच्या नावाने आज अख्खा जिल्हा ओळखला जातो. नाव बदलावं की नाही, यावर आपण पारावर अन् चहाच्या टपरीवर भरपूर भांडलो. त्यातला थोडा वेळ आपल्या पोरींच्या नावांना द्यावा, म्हणून ही पोस्ट.

आपल्या पणज्यांची नावं आठवा. गोदाबाई, भीमाबाई, चंद्रभागा. काशीबाई, मथुराबाई, द्वारकाबाई. सगळ्या नद्या नाहीतर तीर्थं. काशीला जाणं जमणार नाही हे माहीत होतं, म्हणून माणसांनी काशी घरातच आणून ठेवली. पुढे आयांच्या पिढीत मंगल, आशा, सुनीता, संगीता आल्या. आता बारशाच्या पत्रिका बघा, आराध्या, स्वरा, आरोही, ईश्वरी, मायरा, कियारा. आराध्या म्हणजे जिची पूजा करावी ती. अर्थ मोबाईलवर शोधून, अक्षर गुरुजींना विचारून नाव ठेवलं जातं. चांगलंच आहे. कुणाला ही फॅशन वाटते, मला वाटत नाही. पोरीचं नाव ठेवायला आई-बाप चार दिवस डोकं लावतात, याचा आनंदच आहे.

पण याच भागात अजून एक नाव आहे, त्याचा अर्थ मोबाईलवर शोधावा लागत नाही. नकुशी. कुठे नकोशी, कुठे नकुसा. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, असा समज.

यावर काही जण म्हणतात, 'अहो, दगडू, धोंडू, केरबा अशीही नावं ठेवायचेच की लोक.' ठेवायचे. पण त्यामागचं कारण नीट बघा. आधीची लेकरं दगावलेली असायची, हे तरी जगावं, याला दृष्ट लागू नये, म्हणून मुद्दाम वाईट नाव. दगडू नाव त्याला ठेवायचे जो हवाहवासा होता. नकुशी नाव तिला ठेवलं, जी नको होती. दोन्ही नावं एका तराजूत कशी घालणार?

सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा सर्व्हे झाला आणि २२ ऑक्टोबर २०११ ला कार्यक्रम घेऊन अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली गेली. मुलींनी आपापली नावं निवडली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. त्याची बातमी जगभर गेली.

हरियाणातली पैलवान अंतिम पंघाल तुम्हाला माहीत असेल. मुलगी आता ही शेवटचीच असू दे, म्हणून घरच्यांनी नाव ठेवलं अंतिम. २०२२ ला ती २० वर्षांखालच्या गटात कुस्तीची जागतिक विजेती झाली, हे यश मिळवणारी पहिली भारतीय मुलगी. तिने नावाचा अर्थ फिरवला. पण प्रत्येक पोरीने आपल्या नावाशी कुस्ती का खेळावी?

मध्यंतरी एका शाळेच्या बक्षीस समारंभाला गेलो होतो. निबंधात पहिल्या आलेल्या मुलीचं नाव माईकवर पुकारलं, आणि मागच्या बाकांवरून हसू आलं. पोरगी खाली मान घालून आली, बक्षीस घेऊन गेली. तिला त्या दिवशी निबंधाचं कौतुक ऐकायला मिळायला हवं होतं.

नॉर्वेमध्ये २००२ चा नावांचा कायदा आहे. ज्या नावामुळे त्या माणसाचं पुढे मोठं नुकसान होईल, असं नाव तिथे ठेवताच येत नाही. तिथल्या मुलींची जुनी नावं पण ऐका. सिग्रिड, म्हणजे विजय आणि सौंदर्य. अ‍ॅस्ट्रिड, म्हणजे देवासारखी सुंदर. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल. आज आहे त्या कायद्यात काय करता येतं ते सांगतो.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, आणि वर्षभरात नाव फुकट टाकता येतं. आपल्या शेवगाव-पाथर्डीतली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. पोर फडावर जन्माला आलं तर नोंद त्याच गावात होते, गावी परत आल्यावर नाही. घाईत नावाचा रकाना कोरा राहतो, नाहीतर तोंडात येईल ते नाव लागतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे हाच दाखला लागणार आहे. मुकादमांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मोठ्या मुलीचं नाव राजपत्रात जाहिरात देऊन बदलता येतं, अर्ज ऑनलाइन होतो. दहावीच्या सर्टिफिकेटवर नाव छापलं की दुरुस्तीचा व्याप वाढतो, म्हणून त्याआधीच करा. मुख्याध्यापकांना विनंती आहे, हजेरीपट एकदा या नजरेने चाळा. अंगणवाडीताई आणि आशाताईंना तर घर न् घर माहीत असतं. ग्रामसभेत विषय घ्या, पण त्या मुलीला पुढे उभं करून फोटो काढू नका. गुपचूप, सन्मानाने काम व्हावं.

आणि एक कडू गोष्ट. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. आपल्या शेजारच्या बीडमध्ये ८०७. आपला जिल्हाही राज्याच्या मागेच होता. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांचं बारसं झालं नाही, त्यांना नकुशी म्हणायचीही वेळ आली नाही. म्हणून नुसतं नाव गोड ठेवून भागत नाही. घरात आराध्या म्हणून हाक मारायची आणि बारावीनंतर 'आता बास, स्थळ बघू' म्हणायचं, तर नावाचा अर्थ तिथेच संपला.

तुमच्या ओळखीत अशी एखादी मुलगी असेल तर तिचं नाव इथे कमेंटमध्ये लिहू नका. तिच्या घरी जा, आई-वडिलांशी बोला. कागदपत्रांसाठी मदत लागली तर मला फोन करा, मी सोबत येतो.