निघणारं रेडियम

आमच्या कोनमधल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधून एक चक्कर मारा आणि गाड्यांच्या पुढच्या काचा नुसत्या वाचत जा. मालकाचा सगळा इतिहास कळतो. कोपऱ्यात कामोठ्याच्या सोसायटीचा स्टिकर, त्याच्या बाजूला अर्धवट खरवडलेला खांदा कॉलनीचा, वर जुन्या कंपनीच्या पार्किंगचा (कंपनी सोडून तीन वर्षं झाली!), आणि पोराच्या शाळेचा, ज्यावर अजून 'सीनिअर केजी' लिहिलंय, पोरगा आता चौथीत. आमच्याकडे भाडेकरू बरेच. लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असतो, स्टिकरचा गोंद मात्र जन्माचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग पाल्हाळ. ज्या गोष्टीला संपण्याची तारीख आहे ती काचेवर गोंदाने चिकटवू नये. आमच्या धंद्यात याला हार्डकोड करणं म्हणतात. बदलणारी गोष्ट कोडमध्ये कोरून ठेवायची आणि नंतर आलेल्याने ती खरवडत बसायचं.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. स्टॅटिक क्लिंग नावाचं व्हिनाइल मिळतं. बिनगोंदाचं. पीव्हीसीतच मऊपणा आणणारं द्रव्य, म्हणजे प्लास्टिसायझर, भरपूर घातलेलं असतं. त्यामुळे ते इतकं लवचिक होतं की गुळगुळीत काचेला अगदी लगटून बसतं, मधे हवा राहत नाही. नावात 'स्टॅटिक' असलं तरी काचेवर टिकवण्याचं मुख्य काम या लगटण्याचंच. विजेचा प्रताप दिसतो तो कागदावरून सोलताना: घरातले सगळे केस आणि धूळ त्याच्याकडे धावत येतात. लावायचं, कोपरा धरून सोलायचं, साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा लावायचं. काचेवर डाग नाही.

आता आपल्याकडच्या दुकानात हे का दिसत नाही? पनवेलमध्ये आमच्या नेहमीच्या रेडियमवाल्याकडे गेलो. (हे 'रेडियम' म्हणजे क्यूरी बाईंनी १८९८ साली शोधलेलं नव्हे. चमकणाऱ्या कागदाला आपण रेडियम म्हणतो, आणि आता न चमकणाऱ्यालाही.) त्याला म्हटलं, बिनगोंदाचं ठेवता का? तो हसला. म्हणाला, "सर, गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारतं माहितीये? किती वर्षं टिकेल? आणि मी सांगू, की ओढलं की निघतं? पैसे कोण देईल?"

त्याचा मुद्दा धंद्याच्या बाजूने बरोबर आहे. आपल्या डोक्यात टिकाऊ म्हणजे चांगलं हे इतकं घट्ट बसलंय की 'सहज निघणं' हाही एक गुण असू शकतो, त्याचे जास्त पैसे द्यावेत, हे पटतच नाही. माझा वाद याच्याशीच आहे.

काचेवर दोन जातींचे स्टिकर असतात. पहिली जात अशी, की निघाला तर त्याचा उपयोग संपला. फास्टॅग हा त्यातला. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलवर तो सक्तीचा झाला, आणि लोक तो हातात धरून दाखवायला लागले. शेवटी जुलै २०२५ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायचं ठरवलं. तसाच एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांच्या पुढच्या काचेवर आतून असतो तो नोंदणीचा होलोग्रामवाला स्टिकर. काढायला गेलात की फाटतो, तसा मुद्दामच बनवलाय. इथे गोंद हवाच. कोणी फास्टॅग क्लिंगवर लावायची आयडिया काढली तर माझं नाव सांगू नका.

दुसरी जात उरलेल्या सगळ्यांची. आणि आपण दुसऱ्या जातीला पहिलीचा गोंद लावतो.

उत्तम उदाहरण म्हणजे 'एल'. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. नियम सांगतो की गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल हवा, पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच, २ जाड आणि तळाशी ९ रुंद. आपण करतो काय? लाल रेडियमचा एल चिकटवतो आणि लायसन्स आल्यावर तो वर्षानुवर्षं तसाच फिरतो. मागच्यांना कळत नाही की पुढचा खरंच शिकतोय की ब्लेड आणायचा कंटाळा केलाय. मग खऱ्या शिकाऊ माणसालाही कोणी सांभाळून घेत नाही. पळस्पे फाट्याला कंटेनर मागे लागलेला असताना हा फरक फार महत्त्वाचा असतो हो.

बायको गाडी शिकायला लागली तेव्हा क्लिंगचा पारदर्शक रोल मुंबईहून मागवला आणि त्याच रेडियमवाल्याला दिला. करण्याची रीत सांगतो, कारण तुमच्या दुकानदाराला ती सांगावी लागेल. काचेला आतून लावायचं असेल तर अक्षर आरशातल्यासारखं उलटं छापायचं, तेही जी बाजू काचेला लागत नाही तिच्यावर. म्हणजे बाहेरचा माणूस काच आणि फिल्म दोन्हींतून सुलट वाचतो. नुसता लाल रंग पारदर्शक असल्यामुळे मागे पांढरं लागतंच. मोठ्या मशीनमध्ये पांढरी शाई असते, आमच्याकडच्यात नव्हती, म्हणून छपाई एक दिवस वाळू दिली आणि वरून साधं गोंदवालं पांढरं व्हिनाइल बसवलं. घरच्या इंकजेटवर प्रयोग करू नका. साध्या पीव्हीसीवर ती शाई वाळत नाही, बोटाला येते. कापताना प्लॉटरचं पातं नवं हवं, कारण माल रबरासारखा ताणला जातो. आणि कोपरे गोल ठेवायचे. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो.

लावताना काच स्वच्छ पुसायची, साबणाचा एखादा थेंब घातलेलं पाणी फवारायचं आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे पाणी बाहेर काढायचं. बस्स. नेहमी आतूनच लावायचं. बाहेरून लावलेलं एक्स्प्रेसवेच्या वाऱ्यावर किंवा गाडी धुणाऱ्या पोराच्या फडक्यावर जातं. पत्र्यावर तर नकोच. उन्हात प्लास्टिसायझर बाहेर येऊन रंगावर डाग पडू शकतो.

मागच्या काचेवर आतून जे लावाल ते तर बिनगोंदाचंच असावं. वाफ घालवणाऱ्या त्या बारीक तारा काचेच्या आतल्या बाजूलाच छापलेल्या असतात. ब्लेडने स्टिकर खरवडला की एखादी रेघ तुटते आणि पावसाळ्यात नेमका तेवढा पट्टा धुरकट राहतो.

पण मला खरं बोलायचं आहे ते मागच्या काचेवरच्या चित्रांबद्दल. महाराज, स्वामी समर्थ, विठ्ठल, आई-बाबांचा आशीर्वाद. चिकटवताना आपण नारळ फोडतो. आणि गाडी विकली की? जुन्या गाड्यांच्या व्यवहारात तोच चेहरा ब्लेडने तुकड्या-तुकड्याने खरवडला जातो आणि पाण्याबरोबर गटारात जातो. जुन्या कॅलेंडरवरचा गणपती आपण कचऱ्यात टाकत नाही, कापून बाजूला ठेवतो. मग इथे ब्लेड कसं चालतं? श्रद्धा असलेल्या माणसाला तर निघणारं चित्रच हवं. अलगद सोलावं, मूळच्या कागदावर परत बसवावं, नव्या गाडीला लावावं. (पीव्हीसीचं विसर्जन गाढी नदीत मात्र करू नका, ते विरघळत नाही.) अर्थात निघतं म्हणून अख्खी काच भरू नये. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर याच नियमाच्या आधारे बंदी घातली होती.

हे सगळं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंग स्टिकरसाठी मांडलं. सेक्रेटरी काकांचा आक्षेप होता, "उद्या कोणी काढून पाहुण्याच्या गाडीला लावला तर?" रास्त शंका. पण स्टिकरवर गाडीचा नंबर छापा ना! दुसऱ्या गाडीवर तो लगेच खोटा ठरतो, वॉचमनने फक्त नंबरप्लेटशी ताडून बघायचं. आणि टॉवर-फ्लॅट नंबर काढून टाका. सध्या मॉलच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी जगाला सांगते की अमुक घर आत्ता बंद आहे. क्लिंग असेल तर गावाला जाताना काढूनही ठेवता येतो.

खर्च जास्त येतो, हे खरंय. शिवाय क्लिंग अमर नाही. काही महिन्यांनी उन्हाने कडक होतं, आकसतं, म्हणून अधूनमधून काढून धुवावं लागतं आणि वर्ष-दोन वर्षांत बदलावं लागतं. पण पार्किंगचा स्टिकर आपण तसाही दर एप्रिलला नवा देतो! कमिटीने यावर 'विचार करू' म्हटलंय. सोसायटीच्या भाषेत याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच.

असो. बायकोची टेस्ट पुढच्या महिन्यात आहे. दोन्ही एल तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आत्तापासून सांगून ठेवलेत, आणि त्यांच्यानंतर नंबर त्यांच्या दिरांचा आहे. रेडियमवाला म्हणतो, असं गाड्यागाड्यांतून फिरायला लागलं तर माझा धंदा बसेल. मी त्याला म्हटलं, भाड्याने द्या.