दाखल्यापर्यंत न पोहोचणारी मुलं

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्राने १९९६ साली पुढाकार घेतला. जादा वेळ आणि लेखनिक मिळाल्याने अनेकांचा कॉलेजचा रस्ता मोकळा झाला. २०१६च्या कायद्याने ही अक्षमता दिव्यांगत्वात धरली. ४० टक्क्यांहून कमी नसलेल्या दिव्यांगत्वासाठी सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखल्या. तरीही यांतलं कोणतं मूल कॉलेजपर्यंत पोहोचेल, हे आजही घरच्या मिळकतीवर ठरतं. कारण अक्षमतेच्या दाखल्याशिवाय यातलं काहीच मिळत नाही. दाखल्यासाठी बुद्ध्यांक चाचणी, शैक्षणिक चाचणी, डॉक्टरांची तपासणी हे सगळं आलं. ज्यांना परवडतं ते खासगीत पैसे मोजतात. रोजंदारीवरच्या आईला मात्र सरकारी रुग्णालयाच्या प्रत्येक फेरीला एक खाडा पडतो.

पण मुळात मुलाची अडचण कुणाच्या लक्षात तरी यायला हवी. चौथीतला मुलगा तोंडी उत्तरं फाडफाड देतो आणि फळ्यावरचं उतरवताना जोडाक्षरं गाळतो, ओळच चुकतो. शाळेत समुपदेशक असेल तर त्याची चाचणी होते, नसेल तर तो ‘ढ’ ठरतो. पुढची पाच-सहा वर्षं एकाला विशेष शिक्षिका वाचनाच्या युक्त्या शिकवते, दुसरा नापास होण्याची भीती शिकतो. कॉलेजची तयारी होते ती याच वर्षांत. दहावीला मिळालेला जादा वेळ ती भरून काढू शकत नाही.

पैसेवाले खोटे दाखले काढतात, म्हणून नियम कडक करा, असं म्हटलं जातं. गैरवापर होत असेल तर तो रोखलाच पाहिजे. पण कागद वाढवले की ज्याच्याकडे पैसा आहे तो ते जमवतो, गरीबच मागे हटतो. खरी तपासणी शाळेतच, फुकट झाली तर विकत घेतलेल्या दाखल्याला किंमत उरणार नाही. दुसरा आक्षेप असा, की सगळ्याच मुलांचं वाचन कच्चं असताना यांचं वेगळं काय? उलट, म्हणूनच चाचणी हवी. शिकवणं कमी पडलं की अडचण मुलाची वेगळी आहे, हे तिच्याशिवाय कळत नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनी प्राथमिक चाचणी घ्यावी, असं केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलं होतं. शिक्षण खात्याने येत्या जूनपासून जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या प्रत्येक शाळेत ती घ्यावी, आणि त्यात आढळलेल्या मुलांना त्याच वर्षी विशेष शिक्षक द्यावा.