'फोटूवाला' आणि 'छायाचित्रकार'

मराठीतील व्यवसायवाचक नामांचा विचार बहुधा ग्रांथिक शब्दांपाशीच थांबतो. 'छायाचित्रकार' हे पद या दृष्टीने लक्षणीय आहे. वृत्तपत्रांतील चित्राखाली 'छाया' अशी नोंद येते. सन्मानपत्रांत 'छायाचित्रकार' येतो. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा-दिग्रसकडच्या वऱ्हाडी बोलणाऱ्या लग्नघरी 'फोटूवाल्याले बलाव' असेच ऐकू येते. चलच्चित्रण करणारा तेथे 'शूटिंगवाला' असतो.

असे शब्द अशुद्ध व हलके होत, ही समजूत अध्यापनातही टिकून आहे. ती तपासली पाहिजे. 'फोटो'चे 'फोटू' होणे ही केवळ वऱ्हाडीचीच नव्हे, तर अनेक ग्रामीण बोलींची ध्वनिप्रवृत्ती आहे. 'वाला' हा प्रत्ययही मुळात हीनतादर्शक नाही. 'पैसेवाला' म्हणताना कोणी कोणाला कमी लेखत नाही. 'फोटूवाले आले' या आदरार्थी बहुवचनात तर मान उघडच व्यक्त होतो. उलट, ज्या 'कार' प्रत्ययाला कलेची प्रतिष्ठा चिकटली आहे, तोच 'कुंभकार'-'कुंभार', 'सुवर्णकार'-'सोनार' या कारागीरवाचक शब्दांत आहे. तेव्हा या दोन पदांमधील उच्चनीचता व्याकरणातून आलेली नाही. हातावर पोट असणाऱ्याच्या श्रमाकडे पाहण्याच्या दृष्टीतून ती आली आहे.

फेलिनी यांच्या 'ला डोल्चे व्हिटा' (1960) या इटालियन चित्रपटातील पापाराझो या पात्राच्या नावावरून 'पापाराझी' हा शब्द जगभर गेला. मराठी वृत्तपत्रांनी तो निःसंकोच स्वीकारला. दूरच्या भाषेतील अनौपचारिक शब्दाला मिळणारे हे स्वागत घरच्या 'फोटूवाल्या'ला नाकारण्यास भाषाशास्त्रीय आधार नाही.

बोलींच्या अभ्यासात शेती, नातेसंबंध व सणवार यांची शब्दसंपदा आस्थेने नोंदवली जाते. यंत्राबरोबर आलेल्या व्यवसायांचे शब्द मात्र परकीय म्हणून सहज वगळले जातात. वस्तुतः परका शब्द बोलीने आपल्या उच्चारात व प्रत्ययव्यवस्थेत कसा मुरवला, याचा पुरावा त्यांतच मिळतो. मोबाइलमुळे आता प्रत्येक जण स्वतःच फोटो काढू लागला आहे आणि फोटूवाल्याचे पूर्वीचे काम आक्रसत आहे. व्यवसायाबरोबर त्याची शब्दावलीही विरळ होईल. पदव्युत्तर संशोधकांनी ती प्रयोगसंदर्भांसह आताच नोंदवावी आणि कोशकारांनी तिला 'ग्राम्य' हा शेरा न मारता स्थान द्यावे.