बंद जनरेटर आणि आपल्या उसाचे इथेनॉल



आपल्या या पत्रिकेत दर अंकाला गाळपाचे आकडे येतात, उताऱ्याचे येतात आणि अलीकडे इथेनॉलचेही येतात. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच इथेनॉलची एक गोष्ट आपण सभासदांना सांगत नाही, आणि ती सांगितली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत काही चावडीवर बसून बनलेले नाही. वसईजवळ सांडोर गावी, भर पावसात, रात्री एकच्या सुमारास बनले आहे.

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त सांडोरला राहतात. ऑगस्ट २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात मुंबई-वसई पट्ट्यात पाऊस कोसळत होता, तेव्हा मी तिथेच अडकलो होतो. गाव बागायतीचे. केळी, फुलझाडे, विहिरी, आणि मध्येच आता उभ्या राहिलेल्या इमारती. जवळच्या पापडीत १९१८ साली सुरू झालेली बसीन कॅथोलिक बँक आजही उभी आहे, म्हणजे सहकार इथे आपल्या कारखान्यापेक्षा जुना! आणि एके काळी वसईच्या या बागायतीत ऊसही होता. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात त्याची नोंद आहे. आज तिथे ऊस शोधावा तर रसवंतीच्या गाड्यावरच सापडेल. असो.

मुलीच्या शेजारी एक ख्रिस्ती बागायतदार कुटुंब आहे. मुलगी त्यांना अंकल म्हणते, मी दादा म्हणतो. त्यांच्या वयोवृद्ध आईला दम्याचा जुना आजार, रात्री ऑक्सिजनचे यंत्र लावावे लागते. हे यंत्र विजेवर हवेतून ऑक्सिजन काढते. वीज गेली की यंत्र बंद. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेले, रेल्वे ठप्प झाली, मिठागरात माणसे अडकली आणि वीजही बराच काळ नव्हती, ते दिवस दादांनी काढलेले. तेव्हापासून मनात होते, म्हणून पुढे त्यांनी इन्व्हर्टर जातीचा एक छोटा पेट्रोल जनरेटर घेतला. सुटकेससारखा, एका हाताने उचलता येणारा.

त्या रात्री अकराला वीज गेली. आजींना छोट्या सिलेंडरवर घेतले. काट्यावरून अंदाज केला तर दोन तास, फार तर अडीच. दादांनी जनरेटर बाहेर काढला, रस्सी ओढली. एकदा, दहादा, वीसदा. यंत्र नुसते खोकत होते, सुरू होत नव्हते. मग जावई ओढू लागले. मग मी.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. माझे सारे आयुष्य विहिरीवरच्या डिझेल इंजिनात गेले. हँडल मारायचे, हवा धरली असेल तर पाइपाचा नट सैल करून हवा काढायची, की इंजिन धडधडायला लागते. त्याच तोऱ्यात मी म्हणालो, “ओढत राहा, आत डिझेल गेलं की धरेल.” जावई हळूच म्हणाले, “आप्पा, यात पेट्रोल आहे.” डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, ते दाबानेच पेटते. पेट्रोलच्या इंजिनाला पेट्रोल, हवा, दाब आणि ठिणगी अशा चारही गोष्टी वेळेवर मिळाव्या लागतात. यातली कोणती कमी पडते हे न बघता रस्सी ओढणे म्हणजे बैल आजारी असताना चाबूक मारण्यासारखे आहे. आम्ही पाऊण तास चाबूकच मारत होतो.

शेवटी दादांनी ओळखीच्या एका मोटारसायकल मिस्त्रीला फोन लावला. रस्त्यावर गुडघाभर पाणी, त्याला येणे शक्य नव्हते. पण त्या पोराने फोनवरून जे केले ते पाहून मी थक्क झालो. त्याने आधी एकही नट खोलायला सांगितले नाही. फक्त विचारत गेला. इंजिनाचा स्विच चालू आहे का? पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? टाकीच्या झाकणावर हवेची खिट्टी असते, ती उघडी आहे का? (ती बंद राहिली तर टाकीत हवा जात नाही, मग इंजिन दोन-चार मिनिटे चालून मरते किंवा धरतच नाही.) मशीन सपाट जागी ठेवले आहे का? ऑइल किती आहे?

हा शेवटचा प्रश्न मला मोठा शहाणपणाचा वाटला. या नव्या जनरेटरांत ऑइल कमी झाले की ठिणगी आपोआप तोडणारी युक्ती असते, इंजिन जळू नये म्हणून. ऑइल जेमतेम असेल आणि मशीन उतारावर ठेवले असेल, तरी ती युक्ती ऑइल संपले असे समजते. मग माणूस रस्सी ओढून मरो, ते सुरू होणार नाही. दोष काहीच नसतो, मशीन फक्त वाकडे ठेवलेले असते! आमचे ऑइल ठीक होते.

“मग प्लग काढा,” तो म्हणाला, “आणि सांगा, ओला की कोरडा?”

सभासदहो, सगळी गोम या प्रश्नात आहे. प्लग पेट्रोलने ओलाचिंब असेल तर पेट्रोल पोचते आहे, मग ठिणगी नाही किंवा चोक जास्त लावून आपणच इंजिन बुडवले आहे. तेव्हा प्लग पुसायचा, वाळवायचा, चोक उघडून थोडा वेळ थांबायचे. प्लगवर काजळी धरली असेल तर घासायची, फट सुमारे ०.७ मिलिमीटर आहे का बघायची, नाहीतर सरळ नवा प्लग टाकायचा, त्याची किंमत ती काय. आणि प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. मग ठिणगीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, वाट धरायची टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची.

आमचा प्लग कोरडा ठणठणीत होता.

मिस्त्रीने पुढचा प्रश्न केला, “पेट्रोल कधी भरलंय?” दादा म्हणाले, नाताळात. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी. पलीकडून पोरगा हसला. “काका, आता कार्बोरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू आहे, तो सैल करा आणि खाली काचेची वाटी धरा.”

वाटीत जे उतरले ते मी बॅटरीच्या उजेडात पाहिले. वर पिवळट पेट्रोल, त्याला रोगणासारखा वास, आणि तळाला पाण्यासारखा वेगळा थर. दोघांच्या मध्ये स्वच्छ रेघ. त्या तळाच्या थरात पाणी होते आणि पाण्याच्या जोडीला अल्कोहोल होते, म्हणजे कोणा उत्पादकाच्या उसाचे नाहीतर मक्याचे इथेनॉल. कदाचित आपल्याच कारखान्याचे. मी त्या वाटीकडे बघतच राहिलो.

आता हे का होते ते आपल्या सभासदांना दुसऱ्या कोणापेक्षा लवकर कळेल. आपल्या डिस्टिलरीत जे स्पिरिट निघते ते साधे ऊर्ध्वपातन करून पंचाण्णव टक्क्यांच्या पुढे फारसे जात नाही. उरलेले पाणी काढायला मॉलिक्युलर सिव्हचा वेगळा प्लान्ट लागतो, तेव्हा कुठे पेट्रोलमध्ये घालण्याजोगे साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपासचे इथेनॉल मिळते. त्या प्लान्टवर आपला पैसा लागला आहे. इतका आटापिटा करावा लागतो कारण अल्कोहोलला पाण्याची भारी ओढ. आणि मग तेच इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपण अर्धवट भरलेल्या टाकीत आठ महिने कोकणच्या दमट हवेत ठेवतो. ते पाणी परत ओढून घेते. काही मर्यादेपर्यंत पेट्रोलमध्ये ते विरघळून राहते, मर्यादा ओलांडली की पाणी आणि अल्कोहोल हातात हात घालून तळाला बसतात. कार्बोरेटर पेट्रोल घेतो तो तळातूनच. शिवाय जुन्या पेट्रोलचा डिंक होतो आणि जेटचे केसाएवढे भोक बंद होते.

जेट काढला, वायरीतला एक बारीक तांब्याचा तार घेऊन भोक मोकळे केले, टाकी रिकामी केली, जावयांच्या स्कूटरमधले ताजे पेट्रोल काढून भरले. हे सारे करताना दिवा दूर ठेवला होता, बॅटरीवरच काम केले. चौथ्या ओढीला इंजिनाने धरले. एक वाजून दहा मिनिटे झाली होती. सिलेंडरचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता.

आणखी एक गोष्ट त्याच रात्रीची. पाऊस जोरात होता म्हणून आम्ही जनरेटर ओसरीतच ठेवणार होतो. मिस्त्री फोनवर ओरडला, “आत नाही हां!” जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरजवळ दुर्गापूरला घरात चालू ठेवलेल्या जनरेटरच्या धुराने एकाच कुटुंबातली सहा माणसे झोपेत गेली. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आम्ही मशीन केळीच्या कडेला, घरापासून लांब, पत्र्याच्या आडोशाला ठेवले आणि लांब वायर ओढून फक्त आजींचे यंत्र जोडले. घराच्या सॉकेटात उलटा करंट सोडण्याचा उद्योग काही जण करतात, तो तर बिलकुल करू नये. तो करंट बाहेरच्या तारांत जातो आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो.

इन्व्हर्टर जनरेटर हा प्रकार काय, असे काही जण विचारतील. साध्या जनरेटरला पन्नास सायकलची वीज द्यायची म्हणून इंजिन मिनिटाला ३००० फेरे कायम फिरवावे लागते, बल्ब एक असो की दहा. इन्व्हर्टर जातीत तयार झालेली वीज आधी डीसी करतात आणि इलेक्ट्रॉनिक पाटीवर पुन्हा पन्नास सायकलची एसी बनवतात. त्यामुळे भार कमी असेल तर इंजिन सावकाश चालते, पेट्रोल आणि आवाज दोन्ही कमी. नाजूक यंत्रांना ही स्थिर वीज मानवते. पण म्हणून सुरू न होण्याचा दोष लगेच त्या पाटीवर ढकलू नये. इंजिन चालते पण वीज येत नाही, असे असेल तर भार काढून, मशीन बंद-चालू करून मग पाटीचा विचार. इंजिनच धरत नसेल तर बहुतेक वेळा भानगड पेट्रोलचीच निघते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जानेवारी २००३ मध्ये आपल्या राज्यासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाने ही योजना सुरू झाली, २०२२ मध्ये देशाने दहा टक्के गाठले आणि २०२५ मध्ये वीस टक्के. यात ऊस उत्पादकाचा फायदा आहे. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, माझ्याही उसाचे बिल त्यावर अवलंबून आहे. काही जण गाडी बिघडली की इथेनॉलला शिव्या घालतात, तेही मला पटत नाही. आठ महिने पेट्रोल कुजवले तर निव्वळ पेट्रोलचाही डिंक झालाच असता. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होते, भरते, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. प्रश्न आहे तो वर्षातून दोनदा वापरायच्या यंत्रांचा, म्हणजे जनरेटर, फवारणी पंप, गवत कापायचे मशीन. आणि अशी यंत्रे सर्वात जास्त कोणाच्या घरी आहेत? आपल्याच.

एका संचालकांशी मी याविषयी बोललो तेव्हा ते म्हणाले, “आप्पा, असं छापलं तर इथेनॉलची बदनामी होईल.” मला हे मान्य नाही. आपण हुमणीची माहिती दरवर्षी छापतो, त्याने उसाची बदनामी झाली काय? उलट सभासद सावध झाला. जो माल आपण विकतो त्याचा स्वभाव आपणच सांगायचा नाही तर कोणी सांगायचा? पंपवाला सांगत नाही. यंत्र विकणाराही पुस्तिका हातात देतो आणि मोकळा होतो. त्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालते ते लिहिलेले असते, पण ती वाचतो कोण.

सांगायचे तरी किती थोडके आहे. यंत्र महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरची वाटीही कोरडी होते. आणीबाणीसाठी ठेवलेला जनरेटर महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे, काहीतरी जोडून, चालवा. डब्यात पेट्रोल साठवून ठेवू नका. सांडोरच्या दादांनी आता झाकणावर चिकटपट्टी लावून भरल्याची तारीख लिहायला सुरुवात केली आहे.

माझी मागणी अशी की मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, कारखान्याच्या वर्कशॉपने प्रत्येक गटात एक दिवस शिबिर घ्यावे. सभासदांनी आपले बंद जनरेटर आणि पंप आणावेत, आणि मिस्त्रीने प्लग ओला की कोरडा एवढे तरी प्रत्येकाला बघायला शिकवावे. खर्च किरकोळ आहे. येत्या वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांच्या घरी असे मशीन ऐन वेळी बंद राहिले असेल, त्यांनी पेट्रोल किती जुने होते आणि दोष काय निघाला एवढे दोन ओळींत लिहून आपल्या गट कचेरीत द्यावे.

— एक ऊस उत्पादक सभासद